हलक्या माणसाचं रक्त

वजनाच्या दिवशी दादा कधी हरला नव्हता.

हा दिवस वर्षातून एकदा यायचा. रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं, पोरं सोडून घरातल्या प्रत्येक माणसाने मोठ्या प्लॅटफॉर्म काट्यावर चढायचं आणि आकडा दारामागच्या पाटीवर खडूने लिहायचा. पद्धत अप्पांची, म्हणजे दादाच्या वडिलांची. जगाचे काटे दुरुस्त करणाऱ्याला स्वतःचं वजन माहीत नसावं, हे त्यांना पटत नसे. अप्पा जाऊन छत्तीस वर्षं झाली, पद्धत राहिली. सगळ्यात हलका निघेल त्याने वर्षभर इतरांना उपदेश करायचा, हा नियम मात्र दादाने घातलेला. कारण बावीस वर्षं सगळ्यात हलका तोच निघत होता.

धाकट्याला, म्हणजे दादाच्या भावाला, या दिवसाची सवय होती. बावीस वर्षं सगळ्यात जड तो निघत होता. पण आज तो चहाचा कप धरून काट्यापासून लांब उभा होता, आणि त्याचा जीव स्वतःच्या वजनात नव्हता. दादात होता.

शुक्रवारी संध्याकाळी दादाच्या मुलीने त्याला मागच्या अंगणात गाठलं होतं. ही पोरगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला लागली त्या दिवसापासून घरात तिचं नाव डास पडलं, आणि तीही त्या नावाला ओ द्यायला लागली. पंधरा दिवसांपूर्वी तिने अख्ख्या घराला उपाशीपोटी बाकावर बसवून सगळ्यांचं रक्त काढलं होतं. यंदा वजनाबरोबर रक्ताचाही निकाल, असं तिने जाहीर केलं होतं.

"काका, बाबांचं कोलेस्टेरॉल भयंकर आलंय," ती म्हणाली होती. "म्हणून मी गुरुवारी त्यांना स्कॅनिंग सेंटरला नेलं."

"तो तर तिथला काटा दुरुस्त करायला गेला होता ना?"

"काटा दुरुस्त केलाच त्यांनी. मग डॉक्टर म्हणाले, एवढ्या हलक्या माणसाचं हृदय आम्हाला क्वचितच बघायला मिळतं. बाबा खूश. स्वतःहून मशीनमध्ये जाऊन झोपले."

धाकट्याला हसू आलं होतं, पण तिचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. हृदयाच्या एका रक्तवाहिनीच्या भिंतीत मऊ चरबीचा साठा सापडला होता. डॉक्टरांनी दादाला फोन केला तर दादा म्हणाला, वजनाचा दिवस होऊ दे, मग बोलू. सोमवारी धान्य बाजाराच्या गोदामातले काटे तपासायचे होते. वीस-वीस किलोची लोखंडी वजनं, एकेका काट्याला पन्नास. दादा ती स्वतः उचलणार होता. दरवर्षी उचलायचा.

"उद्या-परवात त्यांनी गोळी सुरू करायला हवी आणि सोमवारी एकही वजन उचलता कामा नये," डास म्हणाली होती. "काका, रविवारी तुम्ही माझ्या बाजूने बोला."

धाकटा हो म्हणाला होता. म्हणून तर चहा गार झाला तरी तो कप सोडत नव्हता.

"चढ रे ढोल्या," ताई म्हणाली. ताई म्हणजे दोघा भावांच्या मधली बहीण. चार गल्ल्या पलीकडे राहायची, पण वजनाचा दिवस तिने कधी चुकवला नव्हता. "तुझं उरकलं की मी पोटभर हसून घेते, म्हणजे माझ्या वेळी हसू उरायचं नाही."

धाकटा चढला. आकडा आला सत्त्याण्णव.

"गेल्या वर्षी पंच्याण्णव होता," दादा खडू घेऊन म्हणाला.

"बूट काढले नाहीत मी."

"बुटात काय शिसं भरलंयस?"

"भावजींच्या अंगाला लागतं, यात माझ्या हाताचाही दोष आहे," वहिनी म्हणाली. दादाची बायको. धाकट्याची बायको, धाकटी, वारल्यापासून गेली दीड वर्षं त्याचं जेवण वहिनीकडेच होतं, आणि एकट्या माणसाला वाढायचं तर वाटी भरूनच वाढायची असा तिचा हिशेब होता.

"हातात दोष नाही, त्याच्या तोंडात आहे," ताई म्हणाली. "दादाकडे बघ जरा. सडपातळ, ताठ. एकसष्ट वर्षांचा वाटतो का?"

"नाही," धाकटा म्हणाला. "भूक लागलेला वाटतो."

वहिनी हसली, डास हसली, ताईने हसू दाबलं. या घरात वजनाच्या दिवशी दोन पक्ष पडायचे. हलक्यांचा पक्ष दादा आणि ताईचा, जडांचा धाकट्याचा आणि वहिनीचा. पूर्वी जडांच्या पक्षाला धाकटी होती. ती काट्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहायची आणि आकडा स्वतःच मोठ्याने वाचायची. ती गेल्यापासून हा पक्ष वादात हरत होता.

मग दादा चढला. आकडा स्थिरावला. बावन्न किलो, तीनशे ग्रॅम.

"गेल्या वर्षीपेक्षा दोनशे ग्रॅम कमी!" ताईने टाळी वाजवली.

दादाने पाटीवर आकडा लिहिला, हात झटकले आणि धाकट्याकडे वळला. "आता ऐक. सकाळी चालणं. रात्री अर्धं पोट. आणि लोणी..."

"बाबा, उपदेश नंतर," डास म्हणाली. तिने पिशवीतून पाकिटं काढली आणि कामाच्या टेबलावर, चिमट्यांच्या डब्याशेजारी, ओळीने मांडली. "अजून अर्धा निकाल बाकी आहे. आधी काका."

धाकट्याने पाकीट उघडलं नाही. तिनेच वाचलं. साखर किंचित वर. बाकी सगळं हद्दीत. वाईट कोलेस्टेरॉल, ज्याला ते एलडीएल म्हणतात, ब्याण्णव.

"ब्याण्णव म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे छान. शंभराच्या आत. काका, हुरळून जाऊ नका. गुडघ्यांसाठी वजन उतरवायचंच आहे. पण रक्त स्वच्छ आहे."

"याचं?" ताई उठून उभी राहिली. "या माणसाचं रक्त स्वच्छ? अगं, हा चहात साखर घालतो का साखरेत चहा घालतो, ते अजून ठरलेलं नाही!"

"ताई, तुझा एकशे अडतीस. थोडा वर. आईचा एकशे दहा," डास म्हणाली. ताईला ती लहानपणापासून ताईच म्हणायची, सगळे म्हणतात म्हणून. मग ती थांबली. शेवटचं पाकीट तिने हातात घेतलं, पण त्यात बघितलं नाही. आकडा तिला पाठ होता. "बाबा, तुमचा दोनशे अडुसष्ट."

बाहेरून एक सायकल गेली, तिची घंटी शटरखालून आत आली.

"पाकिटं बदलली," ताई म्हणाली. "दादाचं ढोल्याला आणि ढोल्याचं दादाला."

"नाही बदलली."

"माणसाकडून चूक होते."

"म्हणून मी दोनदा केलं."

दादाने चष्मा पुसला. घाबरला असेल तरी तसं दिसत नव्हतं. पण धाकटा त्याच्याशेजारी चाळीस वर्षं बसून काम करत होता आणि त्याला माहीत होतं की समोरचा काटा संशयास्पद वाटला की दादा आधी चष्मा पुसतो.

"तुझ्या मशीनचा शून्य बघितलास?" दादाने विचारलं.

"रोज सकाळी बघतात. त्या दिवशीही बघितला."

"आकडा माहीत असलेलं रक्त घालून पाहिलंस? आपण प्रमाण वजन ठेवतो तसं?"

"ठेवतो बाबा. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. बरोबर आलं."

"तेच रक्त पुन्हा?"

"दोनशे सहासष्ट."

"दुसऱ्या मशीनवर?"

"दुसऱ्या लॅबमध्ये पाठवलं. दोनशे एकाहत्तर."

दादाने मान हलवली. मोजमापाच्या बाबतीत तो बेइमानी करणारा माणूस नव्हता. तीनदा मोजलेला आकडा तिन्ही वेळा जवळपास तोच आला, तर तो आकडा खरा. पोरगी नीट शिकली आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण दिसलंसुद्धा.

"ठीक आहे. आकडा खरा," तो म्हणाला. "मग काय?"

"मग हे." तिने स्कॅनचा कागद पुढे केला. "तुमच्या हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साठली आहे. मऊ. तिच्यावर पातळ पापुद्रा आहे."

"किती टक्के बंद आहे?"

"तीस-पस्तीस."

"बघ!" दादा ताईकडे वळला. "शंभरातले पासष्ट रस्ते मोकळे. मला चालताना दम लागत नाही, छातीत दुखत नाही."

"दुखायचंच नाही," डास म्हणाली. "डॉक्टरांनी मला समजावलं तसं सांगते. तळहाताला घट्टा पडतो ना काकांच्या? कडक, जुना. तो कितीही घासला तरी फुटत नाही. आणि नवा फोड असतो, आत पाणी, वर पातळ कातडी. तो लहान असला तरी कशानेही फुटतो. तुमच्या आत घट्टा नाही, फोड आहे. तो फुटला की शरीराला वाटतं जखम झाली. मग तिथे रक्त गोठतं. पस्तीस टक्क्यांचे शंभर टक्के व्हायला काही मिनिटं लागतात."

वहिनीने स्कॅनचा कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"आणि गोळी काय करणार?" ताईने विचारलं. तिचा आवाज आता हलक्यांच्या पक्षाचा राहिला नव्हता.

"चरबी उतरवते. आणि काही महिन्यांत तो पापुद्रा जाड करते. फोडाचा घट्टा करते म्हण. फक्त रोज घ्यायची, आणि तोवर वजनं उचलायची नाहीत. मंगळवारी डॉक्टरांना भेटायचं."

"अहो, घ्या की मग!" वहिनी म्हणाली. "आत्ताच घ्या."

"गोळी जाड्या माणसांसाठी असते," दादा म्हणाला.

"जाडा माणूस इथे उभा आहे," धाकटा म्हणाला, "आणि त्याला कोणी देत नाहीये."

डासाने काकाकडे बघितलं. बोला म्हणून सांगितलं होतं, ते सुरू झालं होतं.

"बावन्न किलोचा माणूस मी," दादा म्हणाला. "तळलेलं खात नाही. रोज सहा किलोमीटर चालतो. मला कुठून येणार चरबी?"

"रक्तातून बाबा. घराण्यातून. काहींचं शरीर जन्मापासूनच हे कोलेस्टेरॉल बाहेर टाकत नाही. अन्नाचा संबंध थोडा. आजोबासुद्धा तुमच्याएवढेच होते ना? एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. तेव्हा कोणी रक्त तपासलं नाही, पण डॉक्टर म्हणाले, जवळजवळ नक्की हेच."

"अप्पा वजन उचलून गेले," दादा म्हणाला.

ताईने सवयीने धाकट्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. धाकट्याने कप टेबलावर ठेवला.

छत्तीस वर्षांपूर्वी, धान्य बाजाराच्या याच गोदामातल्या काट्यांच्या दिवशी, वजनं उचलायची पाळी धाकट्याची होती. एकवीस वर्षांचा, अंगात रग. पण त्या दिवशी तो कोणाला न सांगता बस स्टँडवर गेला, एका मुलीला भेटायला. तिची बस सव्वादहाला यायची होती. तो आला नाही म्हणून वजनं अप्पांनी उचलली, आणि सव्विसावं वजन ठेवता ठेवता ते काट्यावरच कोसळले. दादा शेजारी होता.

पुढच्या वर्षी ती मुलगी सून म्हणून या घरात आली. कोणी तिला तोंडावर काही म्हणालं नाही, एक ताई सोडली तर. ताईने एकदाच म्हटलं आणि मग परत म्हणायची गरज पडली नाही. साडेतेहतीस वर्षं धाकटी या घरात हसली, भांडली, काट्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पण त्या गोदामाचं नाव निघालं की उठून आत जायची. आताही कोणीतरी उठून आत जाईल असं धाकट्याला क्षणभर वाटलं. कोणी उठलं नाही.

"आपल्या घरात हा रोग नाही," दादा पुन्हा म्हणाला. "अप्पा वजनाने गेले, आणि मी वजनं बेताने उचलतो. विषय संपला."

"विषय नाही संपला," डास म्हणाली. "माझा दोनशे चार आहे."

"काय दोनशे चार?"

"माझा आकडा. मी सांगणार नव्हते आज. मी चार दिवसांपूर्वी गोळी सुरू केली."

"तू?" वहिनी म्हणाली. "अगं, तीस वर्षांची तू..."

"म्हणून तर बरं आहे आई. तीसला कळलं. मला काही होणार नाही, मी ऐंशी वर्षांची होऊन सगळ्यांना सुया टोचणार आहे."

दादा मुलीकडे बघत राहिला. मग त्याने पुन्हा चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. तसाच हातात धरला.

"माझ्यामुळे," तो म्हणाला.

"तुमच्यामुळे, आजोबांमुळे, त्यांच्या आधीच्या कोणामुळे. कोणी मुद्दाम नाही दिलं बाबा. नाक पण तुमचंच आहे माझं, त्याबद्दल मी कधी तक्रार केली का?"

"केलीस," धाकटा म्हणाला. "नववीत असताना. दोन दिवस जेवली नव्हतीस."

ती हसली. वहिनीही डोळे पुसता पुसता हसली. दादा मात्र हसला नाही. तो खिडकीजवळ गेला. तिथे त्याचा बारीक कामाचा काटा होता, काचेच्या पेटीतला, फुंकर मारली तरी हलणारा. त्याने पेटीवर हात ठेवला आणि सगळ्यांकडे पाठ करून बोलायला लागला.

"अप्पा जिन्यात थांबायचे."

"कधी?" ताईने विचारलं.

"त्याच्या आधी. तीन आठवडे. चौथ्या पायरीवर थांबायचे आणि हनुवटी धरायचे. मी विचारलं तर म्हणाले, दाढ दुखते, घरात बोलू नकोस, तुझी आई उगाच घाबरेल. त्या दिवशी सकाळी निघतानाच त्यांचा शर्ट घामाने ओला होता. एक वजनसुद्धा उचललं नव्हतं तोवर. मी म्हटलं, अप्पा, परत जाऊया. ते म्हणाले, धाकटा येईल, तो उचलेल." मग धाकट्याला म्हणाला, "तू आला असतास तरी ते गेले असते. त्या दिवशी नाही तर त्या आठवड्यात. तो त्रास दाढेचा नव्हता, छातीचा होता, असं मला तेव्हाच वाटत होतं. आज हिने तीनदा मोजून दाखवलं."

"आणि तू बोलला नाहीस?" ताई म्हणाली.

"नाही."

"एकदाही?"

"पहिल्या दिवशी तू धाकट्यावर ओरडलीस. मला वाटलं, उद्या सांगू. आपण दाढदुखी ऐकून गप्प बसलो, हे सांगायचं होतं ना मला. मग दुसऱ्या दिवशी जड गेलं, तिसऱ्या दिवशी जास्त जड. मग लग्न झालं, मग वर्षं गेली." तो वळला. "खरं सांगू? तू त्याच्यावर ओरडत होतीस तोवर माझ्यावर कोणी ओरडत नव्हतं. मला तेवढं बरं वाटायचं."

"दादा!" ताईचा आवाज शटरला जाऊन धडकला. "अरे, मी त्या बाईशी वर्ष-वर्ष बोलले नाही!"

"मधे मधे बोलायचात," वहिनी म्हणाली. "टोमणे मारायला."

"तुम्ही गप्प बसा वहिनी, मी आधीच मेलेय!" ताई म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडता तिने दादाच्या दंडावर चापट मारली, मग तिला फोडाची आठवण झाली आणि तिने तोच दंड चोळायला घेतला. "दुखलं का? आत काही झालं का?"

"दंडात नाहीये तो," डास म्हणाली.

सगळे धाकट्याकडे बघायला लागले. राग यायला हवा होता, आणि तो आलाही होता, पायाच्या तळव्यापासून गुडघ्यापर्यंत. पण त्याच्या आधी त्याला बायकोचा आवाज आठवला, दवाखान्यातला, शेवटच्या महिन्यातला.

"ती म्हणायची," तो म्हणाला, "वर गेले की पहिल्यांदा सासरेबुवांना गाठते. म्हणते, अप्पा, मी फक्त बस स्टँडवर उतरले, यात तुमचं नक्की काय झालं ते एकदा सांगून टाका." त्याने नाक ओढलं. "तिला दीड वर्षापूर्वीच कळलं असणार. उशीर मलाच झाला."

दादा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. बावन्न किलो सत्त्याण्णव किलोंपुढे.

"मला शिव्या घाल," दादा म्हणाला.

"घालणार आहे."

"घाल की मग."

"अशा उभ्या उभ्या होणार नाहीत. छत्तीस वर्षांच्या आहेत. माझ्या निम्म्या आणि तिच्या निम्म्या, आणि तिच्या जास्त चांगल्या होत्या. रोज एक-दोन घातल्या तरी वीस वर्षं जातील." धाकट्याने त्याचा खांदा धरला. हाड हाताला लागलं. "तेवढी वर्षं तू लागशील ना मला. मेलेल्या माणसाला शिव्या घालता येत नाहीत. मी प्रयत्न केलाय, जमत नाही. ती गेली तेव्हा खूप घातल्या. एकटी पुढे गेली म्हणून."

"धाकट्या..."

"ऐक. मागे राहणं एकदा झालंय माझं. सकाळी उठून दोन कप काढायचे आणि एक परत ठेवायचा, हे काय असतं ते मला माहीत आहे. पुन्हा करणार नाही मी ते. तू गोदामात सव्विसाव्या वजनाला पडशील आणि मी शेजारी उभा राहीन, हे मला जमायचं नाही. माझं रक्त स्वच्छ आहे, ऐकलंस ना? मी खूप जगणार आहे. मला सोबत लागेल."

दादाने मुलीकडे हात पसरला. तिने खिशातली पट्टी काढून एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने चष्मा लावून ती बघितली, खिडकीजवळ नेली, काचेची पेटी उघडली आणि चिमट्याने गोळी पारड्यात ठेवली. सगळे थांबले. हा माणूस न मोजता काही पोटात घालणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"एकशे ऐंशी मिलिग्रॅम," दादा म्हणाला. "एवढ्याशा वजनाने काय होणार?"

"तू एवढासाच आहेस," धाकटा म्हणाला. "तू काय कमी घोळ घातलास?"

ताईला रडता रडता असं हसू फुटलं की तिला खोकला आला. वहिनी तिची पाठ थोपटायला गेली. या दोघी एका पक्षात कधीच नव्हत्या. आज दोघींनी मिळून दादाकडे असं बघितलं की त्याने घाईघाईने गोळी उचलली.

"किती दिवस घ्यायची?"

"रोज," डास म्हणाली. "कायम."

"ताई, पाणी आण," दादा म्हणाला.

ताईला या घरात कोणी पाणी आणायला सांगत नसे. सांगायची टापच नव्हती कोणाची. ती उठली, आत गेली आणि पेला काठोकाठ भरून घेऊन आली. दादाने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायला, पेला पालथा करून दाखवला.

"झालं. आता उद्या गोदामात कोण?"

"मी," धाकटा म्हणाला. "तू यायचं नाही."

"येणार. नुसता बसेन. तुझ्या हाताला शून्य नीट लागत नाही."

"ये. पण एका वजनाला हात लावलास तर..."

"नाही लावत." मग दादाने हळूच विचारलं, "आणि ते दुसरं कधी सुरू करतोयस?"

"काय दुसरं?"

"शिव्या."

धाकट्याने दादाच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"उद्याच," तो म्हणाला. "पहिलं वजन उचलताना. तेव्हा मला जोर लागतो."